टीव्हीवर गेलेलं रडणं

ब्राह्मणपुरीत माणूस गेलं की पहिला निरोप बेबीबाईला जायचा. भटजी, लाकडं, पाहुणे हे सगळं नंतर. लाकडं उशिरा आली तर चालतं, पण मयताच्या घरात बायका नुसत्या मुसमुसत बसल्या तर गाव वर्षभर नावं ठेवतं. बेबीबाई यायची, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच पदर पुढे ओढायची, मेलेल्याच्या पायाशी बसायची आणि रडायला लागायची. ओरडायची नाही. छाती बडवणं तर तिला मुळीच आवडायचं नाही. ती सांगत सांगत रडायची, आणि तिचं सांगणं ऐकून ओट्यावर तंबाखू मळत बसलेले गडीसुद्धा हात थांबवून खाली बघायला लागायचे.

एकदा गावातला एक खाष्ट म्हातारा गेला. पोरांना पेरूच्या झाडाला हात लावू द्यायचा नाही, दगड घेऊन मागे लागायचा. त्याच्यावर रडायचं तरी काय, असा सगळ्यांना प्रश्न पडला होता. बेबीबाईनं त्याचे गुण सांगितलेच नाहीत. ती एवढंच म्हणाली की बाबा, रात्री पडलेले पेरू तू सकाळी हौदावर धुवायचा आणि कोणी बघत नाही असं बघून ओट्याच्या कडेला मांडून ठेवायचा, आता ते धुणार कोण? त्या पेरूंवर वाढलेली पोरं, आता मिशा फुटलेली, तिथंच हमसून हमसून रडली.

तिची मोठी जाऊ सिंधुबाई. एकाच वाड्यात दोघींच्या चुली, मधे एक भिंत. तिनं एकदा विचारलं की हे तुला जमतं कसं. बेबीबाई म्हणाली, "मोठं सांगू नई, जिजी. मोठं सांगं का लोके 'हा' म्हनतस. बारीक सांगं का रडतस."

पण या कलेची दुसरी बाजूही होती, ती कोणी उघड बोलायचं नाही. आजारी माणसाला भेटायला बेबीबाई निघाली की त्या घरातली बाई दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची, गोड बोलून तिला बाहेरूनच वाटेला लावायची. म्हातारी माणसं तिच्याशी बोलताना नजर चुकवायची. गावात असा समज होता की श्वास थांबला म्हणजे माणूस आजारी असतं, बेबीबाई रडली म्हणजे ते मेलेलं असतं. तिच्या रडण्यानंतर कुणी परत आलेलं नाही, असं बायका हसत हसत म्हणायच्या, आणि मग हसणं मधेच थांबवायच्या.

तर अशी ही बाई. पंचक्रोशीतल्या शे-दीडशे मढ्यांवर रडलेली. आणि स्वतःच्या नवऱ्यावर एकदाही नाही.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, चुडामणनं, केळीचा ट्रक भरून दिला आणि स्वतःही ड्रायव्हरशेजारी चढून बसला. नवापूरला एक काम आहे म्हणाला. नवापूरला ट्रक थांबला, तो चहाला उतरला, आणि चहावाल्याच्या म्हणण्याप्रमाणे चहा संपवून कपाची कड पंच्याला पुसून तो रस्ता ओलांडून गेला. तेवढंच. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, आजार नव्हता, बाई नव्हती. या चारांपैकी काही एक असतं तर गावानं त्याला केव्हाच माफ केलं असतं. कारण नसताना गेलेल्या माणसाचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. कोणी म्हणालं सुरतला दिसला, कोणी म्हणालं भरूचला. मुलगा हेमकांत तेव्हा विशीतला, तो सहा महिने फोटो घेऊन फिरला आणि गप्प होऊन परत आला.

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंद येऊन बसले. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, म्हणजे तोही सुटतो आणि घरही सुटतं, अशी रीत. बेबीबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, "तो जित्ता शे. मी रडाव नई." ती कुंकू लावत राहिली, सवाष्ण म्हणून जेवायला बसत राहिली. बसवणाऱ्या बायका वाढताना एकमेकींकडे बघायच्या, ते ती बघायची आणि पुरणपोळी पूर्ण संपवायची.  त्या दिवशी हेमकांत ताटावरून उठला तो न जेवता उठला.

हे सगळं असं बसलेलं असताना गावात टीव्हीवाले आले.

आता टीव्हीतलं गावाला कळतं की नाही, हा वाद नको. सिंधुबाई कुठल्याही मालिकेची पारख साड्यांवरून करायची. सून रडताना तिची साडी चुरगळली नसेल तर ती मालिका खोटी, हा तिचा नियम, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. बाकी गावाला चेहऱ्यावर तीनदा धाडकन येणारा कॅमेरा आणि ढोलाचा आवाज पुरेसा होता. भाऊबंदातला नवनीत, सगळीकडे पुढे पुढे करणारा, त्यानं टीव्हीवाल्यांना जेवण, जागा, बैलगाडी सगळं जमवून दिलं. तापीकाठी एका भागाचं शूटिंग होतं. गोष्टीतला शेतकरी विश्वंभर पुरात जातो आणि बायको त्याच्यावर रडते, एवढंच त्या भागात होतं. दिग्दर्शन करणारी रुचिका नावाची पोरगी, तिशीतली, केस बांधलेले, पायात बूट, आणि आवाज इतका हळू की सगळ्यांना तिच्याजवळ जाऊन ऐकावं लागे.

अडचण नटीची होती. ती रडत होती, पण ती रडली की बघणारे गावकरी शेंगा खायला लागत. दोन दिवस गेले. नवनीतनंच सांगितलं की मॅडम, रडायचं तर आमच्याकडे एक बाई आहे.

रुचिका बेबीबाईच्या घरी आली, खुर्ची दिली तरी खाली बसली. "काकू, तुम्ही कसं रडता ते मला सांगा. दाखवू नका, नुसतं सांगा." असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. बेबीबाईनं पेरूची गोष्ट सांगितली. रुचिका म्हणाली, "आमचंही तेच असतं. डोळ्याला सगळं दाखवलं की बघणारा मागे टेकून बसतो. थोडं कमी दाखवलं की तो पुढे सरकतो, उरलेलं स्वतःचं घालतो. एपिसोड त्याच्या घरातला होतो. पण हे जमतं वर्षातून एकदा."

बेबीबाईला ही पोरगी आवडली. ती तयार झाली, पण अट घातली. रडणं नावाशिवाय चालत नाही, म्हणून नाव असं हवं की जे पंचक्रोशीत कोणाचं नाही. जित्या माणसाचं नाव तोंडातून जायला नको. विश्वंभर नावाचा माणूस शोधूनही सापडला नाही, तेव्हा ती निघाली.

पुतळ्याचं काय झालं ते आता सांगतो, कारण सगळं तिथंच फसलं. चितेवर ठेवायला मुंबईहून रबराचा बाहुला आणला होता. पण रबर जाळलं तर काळा धूर होतो, आणि रुचिकाला पांढरा धूर हवा होता. गवताचं काहीतरी माणसाच्या आकाराचं करून द्या, असं तिनं नवनीतला सांगितलं. आता माणसाच्या आकाराचं गवताचं काय करतात हे नवनीतला एकाच प्रकारे माहीत होतं. त्यानं पूर्वी स्वतःच्या एका हरवलेल्या चुलत्याचं केलं होतं तसंच केलं. पळसाची पानं आणली, मोजून तीनशे साठ लावली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, दोऱ्यानं सांधे बांधले. काम करायचं तर नीट करायचं, हा त्याचा स्वभाव. टीव्हीवाल्यांना ते फार आवडलं, त्यांनी मोबाईलवर फोटो काढले. पुतळ्याला घालायला जुना सदरा पाहिजे होता, तो नवनीतनं हेमकांतकडे मागितला.

थंडीचे दिवस होते. दिवस मावळायच्या आधीचा अर्धा तास रुचिकानं राखून ठेवला होता, जेव्हा ऊन जातं पण उजेड राहतो आणि कशाचीच सावली पडत नाही. बेबीबाईला कॅमेऱ्याकडे पाठ करून वाळूत बसवलं. पहिल्या तीन वेळा ती विश्वंभरवर रडली. शब्द सगळे होते, पण तिला स्वतःलाच ऐकू येत होतं की आवाजात कोणी नाही. रिकाम्या घराला कुलूप लावतो तसं ते रडणं होतं. गावकरी शेंगा खात होते.

चौथ्या वेळी पुतळा आणून तिच्यासमोर ठेवला. तोंडावर पांढरं फडकं होतं. नदीवरून वारा अजिबात नव्हता. तरी सदरा छातीवर किंचित वर होत होता, किंचित खाली. पळसाची पानं वाळता वाळता एकमेकांवरून सरकतात, त्यानं तसं होतं, हे बेबीबाईला माहीत होतं. माहीत असूनही ती बघत राहिली. मग तिला खिसा दिसला. पांढऱ्या सदऱ्याचा खिसा, हिरव्या दोऱ्यानं शिवलेला.

"हेमकांतना बाप..." तिच्या तोंडून गेलं.

ते तिनं म्हटलं नाही, ते गेलं. आणि एकदा गेल्यावर पाठोपाठ सगळं गेलं. "हेमकांतना बाप, पांढरा दोरा सरना व्हता, मी हिरवा दोरा लाईसन खिसा शिवा. बजारमा लोके हासनात. तुमी म्हनेत, हासू द्या, मन्ही बायकोनी शिवेल शे. तो सदरा घरमा टाकीसन कोनता आंगवरी गयात हो? तुम्हले थंडी नई लागनी का हो?"

कोणी हललं नाही. आवाज टिपणाऱ्या माणसानं कानावरचं काढून हातात धरलं होतं आणि तो वाळूकडे बघत होता. रुचिकानं कॅमेरा थांबवायला सांगितलं नाही. पुतळा चितेवर चढवला. विश्वंभरच्या मुलाचं काम करणारा नट आगीला बिचकत होता, तेव्हा रुचिका म्हणाली की लांबून घ्यायचंय, पाठमोरा कोणीही चालेल. हेमकांत पुढे आला. त्यानं मडकं खांद्यावर घेतलं, तीन फेऱ्या घातल्या, मडकं मागे टाकलं आणि अग्नी दिला. त्याला कोणी काही शिकवावं लागलं नाही.

पळस पेटला, नारळ फुटला. त्या आवाजाला बेबीबाई गप्प झाली.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "सदरा कोनी दिधा?"

"मी दिधा," हेमकांत म्हणाला. "माय, चौदा वरीस मी धड ना बाप असेल पोऱ्या, ना बाप नसेल. माले एक दाव रडनं व्हतं. तू रडू देस नई."

ती त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण आईला किती दिवस जमणार. रुचिकाला तिनं फोनवरून सांगितलं की ते 'हेमकांतना बाप' तेवढं काढून टाक. रुचिका म्हणाली, बघते. त्या 'बघते' या शब्दावर शहाण्या माणसानं विश्वास ठेवू नये, पण बेबीबाईनं ठेवला.

महिन्यानं रविवारी संध्याकाळी तो भाग लागला. नवनीतनं चौकात मोठा टीव्ही लावला होता. बेबीबाई घरातच बसली, हेमकांत आणि सून दीपमाला बाजूला, सिंधुबाई भिंतीला टेकून. सगळ्यांना वाटलं होतं ढोल वाजेल, विजा कडाडतील. त्यातलं काही नव्हतं. आधी नुसतं पाणी दिसलं. मग काठावर सोडलेल्या चपला, कोणाच्या ते कळत नव्हतं. मग बेबीबाईची पाठ. तिचा चेहरा एकदाही दाखवला नाही. वाळूत टेकलेला तिचा उजवा हात दिसत होता. मूठ वाळू धरायची, सोडायची, धरायची, आणि आवाज तेवढा येत होता. 'हेमकांतना बाप' जसंच्या तसं होतं. बेबीबाईनं डोळे मिटून घेतले.

"माय वं, साडी कशी चुरगळेल शे," सिंधुबाई रडत रडत म्हणाली.

मग चिता लांबून दिसली. चित्र तिथंच थांबलं. इतका वेळ थांबलं की दीपमालानं टीव्ही बंद पडला की काय म्हणून रिमोट हातात घेतला. पांढरा धूर डावीकडे सरकला आणि नदीच्या पलीकडच्या काठावर एक माणूस दिसला. अंगठ्याएवढा. उभा. दोन्ही हात पाठीमागे, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. तो आगीकडे बघत होता. पुन्हा धूर आला, भाग संपला.

चौकातून एक हुंकार उठला तो घरात ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या तोंडी तेच. मेलेला माणूस आपलीच चिता बघत पलीकडे उभा राहतो, काय डोकं आहे त्या पोरीचं! नवनीतला तर इतका अभिमान झाला, जणू त्यानंच तो माणूस उभा केला होता.  बेबीबाईनं मात्र हेमकांतला रुचिकाला फोन लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या कानाला धरला.

"तो पलीकडचा?" रुचिका म्हणाली. "काकू, मला वाटलं तुमच्या गावचा कोणी आहे. पलीकडे आम्ही कोणालाच ठेवलं नव्हतं. दिसला तेव्हा बाजूला करायला सांगणार होते, पण तो इतका स्थिर उभा होता की मी म्हटलं, राहू दे. सगळे विचारतात हा एपिसोड इतका कसा उतरला. खरं सांगू? दोन गोष्टींमुळे. तुमचं रडणं आणि तो माणूस. या दोन्ही मी केलेल्या नाहीत." आणि मग ओशाळून म्हणाली, "ते नाव काढलं असतं तर मागे काही उरतच नव्हतं, काकू. माफ करा."

केळीचे घड वर्षानुवर्षं एकाच खांद्यावरून वाहिले की खांदा उतरतो. चुडामणचाही उतरला होता. पण असे खांदे तापीकाठी पुष्कळ आहेत. बेबीबाईनं स्वतःला हेच सांगितलं, दिवसभर सांगितलं.

पण गावाला काय सांगणार? सोमवारी दुपारी भाऊबंदातल्या चार बायका डोक्यावरून पदर घेऊन, तोंड झाकून दारात आल्या आणि उंबऱ्यातच रडायला लागल्या. मयताच्या घरी भेटायला जाणं, त्याला आमच्याकडे दारवर जाणं म्हणतात. बेबीबाई हडबडली. "अव, ती शूटिंग व्हती! टीव्हीना खेळ व्हता तो!"

त्यातली वयानं मोठी होती ती म्हणाली, "पुतळा पळसना व्हता ना? सदरा त्याना, आग पोऱ्यानी दिधी, तू नाव लिसन रडनी. मंग ऱ्हायनं काय, बाई?"

 दुसऱ्या दिवशी म्हसावदचे आले, मग शहाद्याचे. नवापूरहून तिची मावसबहीण आली, टीव्ही पाहून. पुरुष अंगणात सतरंजीवर बसायचे, बायका आत. बेबीबाई आल्या-गेल्याला सांगत राहिली, तो जित्ता शे, तुम्ही रडू नका. बायका तिचं ऐकायच्या आणि आणखी जोरात रडायच्या, कारण नवरा गेलेली बाई सुरुवातीला असंच बोलते हे सगळ्यांना माहीत असतं. हेमकांत पुरुषांत मान खाली घालून बसायचा. येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि बेबीबाईला आतून दिसत होतं की त्या हातांखाली तिचा चाळिशीकडे झुकलेला पोरगा चौदा वर्षांत पहिल्यांदा सैल होतोय. ते बघून तिला राग येत होता, आणि तरी ती बघत होती.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला अंगणात आठ-दहा माणसं होती. दारवर आलेला माणूस फार बोलत नाही. थोडा वेळ बसतो, हात जोडतो, उठून चालायला लागतो. 'येतो' म्हणत नाही, आणि घरच्यांनी त्याला हाक मारायची नाही, पोचवायला जायचं नाही. जाणाऱ्याला मागून हाक गेली की मरण त्या हाकेच्या वाटेनं परत येतं म्हणतात.

बेबीबाईनं खिडकीतून पाहिलं. सतरंजीच्या शेवटच्या टोकाला एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेला पंचा, अंगात मळका निळा शर्ट. तो कोणाकडे बघत नव्हता. उजवा खांदा उतरलेला होता. समोर घरात बायका रडत होत्या आणि तो मान किंचित कलती करून ते ऐकत होता, दुसऱ्याच्या घरचं ऐकावं तसं. गल्लीतलं कुत्रं, जे पोस्टमनलाही आत येऊ देत नाही, ते त्याच्याजवळ पाय पसरून झोपलं होतं.

 बेबीबाई उठली. बायकांना वाटलं हिला भोवळ येतेय, दोघी धरायला आल्या, त्यांना बाजूला सारून ती दारापर्यंत गेली.

तेवढ्यात म्हातारा उठला. त्यानं दाराकडे पाहिलं आणि दोघांची नजर एक झाली. ती नजर ओळखण्यात बेबीबाई चुकणार नव्हती. तिच्या घशापर्यंत हाक आली. एक हाक, की अंगणातले सगळे वळून बघतील, चौदा वर्षं तिनं धरून ठेवलेला शब्द खरा ठरेल, सगळ्या गावाच्या थोबाडीत बसेल. आणि त्यानं हात जोडले. तिला, तिच्याच दारात. नवरा मेलेल्या बाईला परका माणूस जोडतो तसे, मान खाली घालून. मग तो वळला आणि चालायला लागला. चालण्यात घाई नव्हती. गल्लीच्या वळणावर त्यानं मागे पाहिलं नाही.

बेबीबाईनं हाक मारली नाही.

नंतर सिंधुबाईच्या नवऱ्याला तिनं विचारलं की शेवटी बसलेला म्हातारा कोण. त्याला वाटलं होतं म्हसावदवाल्यांबरोबरचा. म्हसावदवाल्यांना वाटलं नवापूरचा. नवनीतला वाटलं बेबीबाईच्या माहेरचा. हेमकांतनं तर कोणाला पाहिलंच नव्हतं, त्याचे डोळे सगळा वेळ खाली. सिंधुबाई म्हणाली, "कोन म्हतारा, व? तठे तं कोनी नव्हतं." संध्याकाळी दीपमाला सतरंजी झटकायला गेली तर टोकाशी ओल्या गाळाची दोन पावलं उमटलेली. नदी गावापासून दोन कोस. ती घाबरून सासूला बोलवायला आली. बेबीबाईनं येऊन पाहिलं, ओल्या फडक्यानं पावलं पुसली आणि फडकं पिळून वाळत घातलं.

तो होता की त्याचं भूत, हा प्रश्न दीपमालाला आणि पुढे सिंधुबाईला महिनोन्महिने पुरला. बेबीबाईला तो पडलाच नाही. मेलेल्यांना ती चांगली ओळखत होती. मेलेला माणूस कोणाला टाकून जात नाही, त्याला न्यावं लागतं. हा आपल्या पायांनी आला होता, आपलं रडणं ऐकून, आणि आपल्या पायांनी गेला होता.

दिवेलागणीला हेमकांत ओट्यावर एकटा बसला होता. बेबीबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. 

"हेमकांत," ती म्हणाली, "भटजीले सांगी ये. त्यास्ना दिवस करी टाक."

त्यानं मान वर केली. आईचं कपाळ धुतलेलं होतं, कोरं, आणि तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ होती. चौदा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट समोर आली आणि त्याला धड रडताही येईना.

"माय, पन तू तं रोज म्हनस का त्या जित्ता शेतस."

"जित्ता शेतस," बेबीबाई म्हणाली. "म्हनीसनच सांगस. करी टाक."